घोरणं, अडकणारा श्वास आणि न उतरणारं वजन: आधी कशाच्या मागे लागायचं?

तापीकाठ (चोपडा)

नमस्कार मंडळी.

आमच्या ह्यांची मागच्या महिन्यात स्लीप स्टडी (रात्रभर झोपेत श्वासाची तपासणी) झाली. वय ४६, वजन ९८ किलो, उंची पाच फूट सहा इंच, बीपीची गोळी चालू. रिपोर्टात एएचआय ३८ आलाय, म्हणजे झोपेत तासाला ३८ वेळा श्वास थांबतो किंवा अर्धवट अडतो. रक्तातला ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत खाली गेलेला.

घोरणं लग्नापासूनच आहे, त्याचं घरात कुणाला काही वाटत नव्हतं. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो, तेव्हा शेजारच्या गच्चीवरही तो आवाज ओळखीचा आहे. पण अलीकडे मला जाग येते ती आवाजाने नाही, आवाज एकदम बंद पडतो तेव्हा. छाती-पोट हलत असतं आणि नाकाशी हात धरला तर हवा लागत नाही. मग जोरात धाप लागल्यासारखा श्वास येतो, कूस बदलतात, आणि थोड्या वेळाने परत तेच. सकाळी विचारलं तर त्यांना काहीच आठवत नाही. रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात, ते आम्ही शुगरचं समजत होतो. शुगर नॉर्मल निघाली.

धान्याची आडत आहे. लिलाव आटोपून गादीवर टेकले की हिशेबाची वही हातात असतानाच डोळा लागतो. जळगावला गाडी स्वतः चालवत जातात, मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच.

आता प्रश्न. छातीचे डॉक्टर म्हणतात, सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं) लगेच सुरू करा. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, वजन उतरवा, आपोआप जाईल. ह्यांचं म्हणणं, दिवाळीपर्यंत वजन कमी करतो, नाहीच जमलं तर मशीन घेऊ. सासूबाईंना तर मास्क म्हटलं की कोविडमधला दवाखानाच आठवतो. आणि खरं सांगायचं तर वजन उतरवायचे प्रयत्न ह्यांनी मनापासून केलेत. संध्याकाळी फिरायला निघतात, चौकापर्यंत जाऊन परत येतात, पाय ओढत नाहीत म्हणतात. आळशी माणूस नाही हो हा, पहाटे यार्डात हजर असतो.

ज्यांनी हे घरात पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


साक्रीकर

ताई, मना बाप बी असाच घोरे. पन तवय कोनले माहीत व्हतं? गाढ झोपतो म्हणून कौतुक व्हायचं. तुम्ही तपासणी करून घेतली हे फार चांगलं केलं. जाणकार लिहितीलच, वाचतोय.


पांझरा (धुळे)

ताई, मी धुळ्यात छातीरोगतज्ज्ञ आहे. रुग्ण न तपासता औषध सांगणार नाही, पण तुमचा प्रश्न आमच्याकडे रोज येतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी उत्तर: मशीन आता, आणि वजनाचं कामही आताच. एकासाठी दुसरं थांबवू नका.

एएचआय ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र धरतात. ३८ म्हणजे तीव्र. त्यात दिवसा झापड आणि स्वतः गाडी चालवणं. दिवाळीपर्यंतचे महिने या माणसाने असेच काढू नयेत.

आता वजनाशी याचा संबंध काय ते सांगतो. जागेपणी घशाचे स्नायू हवेची वाट उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात. चरबी फक्त पोटावर चढत नाही, ती घशाच्या भिंतींत आणि जिभेतही साचते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये वजन उतरण्यापूर्वीचे आणि नंतरचे एमआरआय ताडून पाहिले. वजन घटल्यावर श्वास सुधारण्यात सगळ्यात मोठा वाटा जिभेतली चरबी कमी होण्याचा निघाला. दुसरी गोष्ट पोटाची. उताणं झोपलं की पोटाचा भार श्वासपटलावर येतो, फुफ्फुसं पुरती भरत नाहीत. भरलेली फुफ्फुसं श्वासनलिकेला खालून ताणून धरतात, तो ताण कमी झाला की घसा लवकर मिटतो. म्हणून कॉलरचं माप आणि पोटाचा घेर आम्ही वजनकाट्याइतकाच महत्त्वाचा मानतो. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर आम्ही घोरण्याबद्दल मुद्दाम विचारतो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ६९० लोकांना चार वर्षांच्या अंतराने तपासलं होतं, २००० साली ते छापून आलं. वजन १० टक्के वाढलं तर एएचआय साधारण ३२ टक्के वाढतो, १० टक्के घटलं तर साधारण २६ टक्के उतरतो. तुमच्या यजमानांचे १० टक्के म्हणजे दहा किलो. या सरासरीने हिशेब केला तर ३८ चे २८ होतील. सुधारणा मोठी आहे, पण मध्यम आजार उरतोच. 'वजन उतरवा, आपोआप जाईल' हे वाक्य मला म्हणूनच अपुरं वाटतं. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे.

आणखी एक पाहणी टाइप २ मधुमेह आणि जाडी असलेल्या २६४ लोकांची, २००९ ची. आहार-व्यायामावर कसून मेहनत घेतलेल्या गटाचं वजन वर्षभरात सरासरी ११ किलोच्या आसपास उतरलं. त्यातल्या १३.६ टक्के लोकांचा स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, पूर्ण गेला, नुसती माहिती देऊन सोडलेल्या गटात ३.५ टक्के लोकांचा. फायदा नक्की झाला, पण इतकं वजन उतरूनही बहुतेकांचा आजार शिल्लक राहिला. जबड्याची ठेवण, टॉन्सिल, वय, नाकाचा आडपडदा या गोष्टी वजनाबरोबर उतरत नाहीत.


केळीवाला (रावेर)

डॉक्टरसाहेब, एकदम पटलं. शेतकरी माणसाला समजेल असं सांगतो: पंपाच्या सक्शनला मऊ पाइप लावला तर मोटर ओढायला लागली की तो चपटा होतो. घशाचं तेच होतंय. मशीन आतून हवेचा दाब देऊन तो पाइप फुगलेला ठेवतं. माझ्या मोठ्या भावाला मशीन आणलं तेव्हा टेक्निशियनला मी हेच विचारलं, तो म्हणाला बरोबर आहे.

भावाच्या बाबतीत लघवीला उठणं पहिल्या आठवड्यातच कमी झालं. सकाळचं डोकं जड असायचं ते गेलं. वजन मात्र तिळभर हललं नाही, उलट किलोभर वाढलं. हे असं का?


पांझरा (धुळे)

रात्री श्वास अडतो तेव्हा छातीत दाब बदलतो, हृदयावर ताण येतो आणि हृदयातून असं संप्रेरक सुटतं की लघवी जास्त तयार होते. श्वास सुरळीत झाला की ते थांबतं. त्यामुळे रात्री वारंवार उठणाऱ्या घोरणाऱ्या माणसाची झोप तपासल्याशिवाय प्रोस्टेटच्या मागे लागू नये असं माझं मत आहे.

किलोभर वाढीचं. मशीनने वजन उतरतं असा समज आहे, विकणारेही तसं सुचवतात. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा सीपॅप वापरणाऱ्यांचं वजन सरासरी अर्धा किलोच्या आसपास वाढलेलं दिसलं. रात्रभर श्वासाशी झुंजताना शरीर जी ऊर्जा जाळतं ती वाचते. म्हणजे मशीनने वजन उतरणार नाही. मशीन काय देतं? सकाळी ताजेपणा, संध्याकाळी फिरायला निघण्याची ताकद. ती ताकद वापरायची की नाही हे आपल्या हातात. मशीन लावून माणूस गादीवरच बसला आणि जेवण तेच राहिलं तर काटा वरच जाणार.

उलटा संबंधही ताईंच्या पोस्टमध्ये अगदी स्पष्ट दिसतो. रात्रभर मेंदू सतत अर्धवट जागा होत राहिला तर दिवसा भूक वाढते. झोप कमी पडली की भूक जागवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं. गोड-तेलकटाकडे हात जातो. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही. आणि पाय ओढत नाहीत. या माणसाला 'इच्छाशक्ती कमी आहे' म्हणणं अन्याय आहे. घरच्यांनी तर मुळीच म्हणू नये.


तापीकाठ (चोपडा)

शेवटचं वाक्य ह्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण मोबाइल हातातून घेऊन पूर्ण धागा स्वतः वाचत बसले.

सासूबाईंचं काय सांगू? त्यांना वाटतं, ऑक्सिजन लागला म्हणजे माणूस गेला.


भुसावळ जंक्शन

ताई, मी रेल्वेतून निवृत्त, रनिंग स्टाफमध्ये होतो. माझं मशीन त्या काळापासूनचं. आईंना सांगा, यात ऑक्सिजनचं नळकांडं नाही. खोलीतलीच हवा पंख्याने ओढून नळीतून नाकात सोडतात, इतकंच. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही युक्ती जगापुढे मांडली, म्हणजे चाळीस वर्षांहून जुनी गोष्ट आहे. एकदा आईंच्या हातावर मास्कची हवा सोडून दाखवा, भीती जाते. माझ्या नातीची तशीच गेली.

थोडं वापरातलं सांगतो, कारण पुष्कळांचं मशीन पहिल्या महिन्यातच कपाटात जातं.

मास्कचं माप नीट घ्या. विकणारा देईल तो घेऊ नका, झोपून लावून बघा. बसून घट्ट बसणारा मास्क आडवं झालं की नाकाच्या बाजूने गळतो आणि हवा डोळ्यात जाते. मिशा जाड असतील तर तोंड-नाक झाकणारा मास्क गळण्याची शक्यता जास्त, मी फक्त नाकाचा लावतो. पट्टे फार आवळले तर नाकाच्या हाडावर वळ उठतो. सुरुवातीला दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसायचं, झोपायची घाई करायची नाही. पाणी भरायची टाकी असते, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घाला. आपलं बोअरचं पाणी घातलं तर आठवड्यात पांढरा थर बसतो. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची कोरडी हवा आणि कूलर, त्यात ते पाणी हवंच, नाहीतर घसा करकरीत होतो.

गच्चीवर झोपत असाल तर एक्स्टेन्शन बोर्ड लागेल. लाइट गेली की मास्क काढा, त्यातून बाहेर टाकलेली हवा नीट निघत नाही. आमच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतं, पण पाणी तापवायचं बटण बंद ठेवून. ते चालू ठेवलं तर बॅटरी लवकर बसते.


कळण्याची भाकरी (अमळनेर)

बायकांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी कधी ढणढण घोरले नाही. पाळी गेल्यानंतर झोप उडाली, दिवसभर थकवा, चिडचिड, वजन वाढतच गेलं. 'या वयात होतंच' असं सगळ्यांनी सांगितलं. झोपेची गोळी चालू झाली. शेवटी एका डॉक्टरांनी थायरॉइड आणि स्लीप स्टडी दोन्ही करायला लावलं. दोन्हींत सापडलं. थायरॉइड कमी असेल तरी वजन वाढतं आणि ॲप्नियाही बळावतो, म्हणून ती तपासणी आधी करून घ्या. झोपेची गोळी घशाचे स्नायू आणखी सैल करू शकते, हेही मला तेव्हाच कळलं. दारूचंही तेच.

जेवणाबद्दल माझं ठाम मत आहे. खान्देशी जेवण सोडायची काही गरज नाही, तेल सोडायचं आहे. वांगं काड्यांवर भाजलेलं, हिरवी मिरची-लसूण घालून ठेचलेलं, यात मुळात तेल कुठे आहे? आपण नंतर पळीभर ओततो, ते. भरीत आणि कळण्याची भाकरी, सोबत कांद्याची पात, यासारखं जेवण नाही. ज्वारीसोबत उडीद असल्याने पोटही धरतं. त्रास आहे तो शेवभाजीच्या तर्रीचा, वरण-बट्टीवरच्या तुपाच्या वाटीचा आणि रात्री दहाला जेवायच्या सवयीचा. आमच्याकडे रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, त्याने सर्वांत जास्त फरक पडला. आखाजीला मांडे आणि आमरस मी खाते. एका दिवसाने काही होत नाही, रोजच्याने होतं.


सातपुडा (शहादा)

वेगळा मुद्दा. माझं वजन ६१ किलो, उंची पाच-सात. तरी एएचआय २२. जबडा मागे आहे, कान-नाक-घसावाल्यांनी दाखवलं. धागा वाचून सडपातळ लोक निवांत होतील, तसं होऊ नये म्हणून लिहिलं. मला वजनाचा उपायच नाही, दातांच्या डॉक्टरांकडून खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण बनवून घेतलंय आणि कुशीवर झोपतो.


बोदवडकर

मी दुसऱ्या बाजूचा अनुभव सांगतो. एएचआय २९ होता. दोन वर्षांत १०४ वरून ८६ किलोवर आलो. रोज पहाटे शेतापर्यंत पायी, प्राणायाम, रात्री फक्त सूप-भाजी. घोरणं पूर्ण बंद, बायको सांगते. मशीन मी स्वतःच बंद केलं. मला वाटतं, लोकांना आयुष्यभर मशीनला बांधून ठेवण्यापेक्षा वजनावर जोर द्यावा. प्राणायामाला कुणी मान देत नाही याचं वाईट वाटतं.


पांझरा (धुळे)

१८ किलो उतरवणं आणि टिकवणं ही फार मोठी गोष्ट आहे, मनापासून अभिनंदन. पण एक विनंती: पुन्हा तपासणी करा. घोरण्याचा आवाज जाणं आणि श्वास थांबणं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे घरच्यांच्या कानांनी ठरत नाही. वजन १० टक्क्यांहून जास्त बदललं, वर किंवा खाली, की पुन्हा मोजायचं असा आमचा साधारण दंडक आहे. तुमचं १७ टक्के उतरलंय. घरी करायची छोटी तपासणी मिळते: बोटाला ऑक्सिमीटर, छातीला पट्टा, नाकाशी नळी. मशीन बंद करून काही रात्री झाल्यावर ती करा. प्राणायाम जरूर चालू ठेवा.


केळीवाला (रावेर)

ते नवीन इंजेक्शन काय आहे? भाऊ मागे लागलाय. म्हणतो, आठवड्याला एक टोचलं की वजनही जातं आणि मशीनही.


पांझरा (धुळे)

टिर्झेपटाइड म्हणताय. २०२४ मध्ये त्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. जाडी आणि मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेले ४६९ लोक, ५२ आठवडे. सुरुवातीचा एएचआय सरासरी ५० च्या आसपास. मशीन न वापरणाऱ्या गटात इंजेक्शनने तो तासाला सुमारे २५ ने उतरला, औषध नसलेली नुसती सुई टोचलेल्या गटात सुमारे ५ ने. वजन १८ टक्क्यांच्या जवळपास घटलं. त्यावर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये जाडीसह असलेल्या ॲप्नियासाठी मान्यता दिली. भारतात हे औषध मार्च २०२५ मध्ये आलं.

निकाल खरोखर चांगले आहेत, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ५० मधून २५ गेले तरी २५ उरतात, तेव्हा मशीन लगेच सुटेलच असं नाही. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता होते. थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचा इतिहास घरात असेल तर देत नाहीत. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर फार जपून. बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, म्हणजे खर्च चालूच राहणार. भावाला म्हणावं, मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नको.

वजन फारच जास्त असेल तर बॅरिअॅट्रिक (वजन उतरवण्याच्या) शस्त्रक्रियेनेही ॲप्निया पुष्कळ उतरतो. त्यांनाही नंतर पुन्हा तपासावं लागतं.


बोदवडकर

डॉक्टरसाहेब, तपासणी करून घेतली. एएचआय ११ आलाय. ऑक्सिजन ८८ च्या खाली नाही. आता?


पांझरा (धुळे)

२९ वरून ११. तुमच्या मेहनतीचं फळ आहे, सौम्य गटात आलात. आता दिवसा झोप येते का, बीपी किती, गाडी किती चालवता, यावर तुमचे डॉक्टर ठरवतील. त्रास नसेल तर कुशीवर झोपणं आणि वजन टिकवणं यावर काही काळ भागू शकतं. उताणे असताना किती आणि कुशीवर किती, हे रिपोर्टात वेगळं दिलेलं असतं. तो आकडा बघा.


बोदवडकर

उताणे १९, कुशीवर ४.


पांझरा (धुळे)

मग पाठीमागे उशी लावून झोपायची सवय लावा आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा.


तापीकाठ (चोपडा)

मंडळी, थोडं कळवते. मशीन घेतलं. सासूबाईंच्या हातावर हवा सोडून दाखवली, भुसावळकर काकांनी सांगितली तशी. म्हणाल्या, "एवढंच शे का?" आणि उठून कामाला लागल्या.

पहिल्या काही रात्री मध्येच मास्क काढून टाकायचे. मास्क बदलून मध्यम मापाचा घेतला तेव्हा गळती थांबली. आता रात्रभर राहतो. लघवीला उठणं बंद. यार्डातून आल्यावर झोप लागत नाही, गादीवर बसून हिशेब पुरा होतो. संध्याकाळी चौकाच्या पुढे, पार कॉलेजपर्यंत जातात आणि कुणी सांगायला लागत नाही. वजन अजून दीडच किलो उतरलंय. ह्यांना ते कमी वाटतं, मला नाही वाटत. जळगावला सध्या भाचा गाडी चालवतो.

एक शंका आहे. मशीनच्या पडद्यावर सकाळी एएचआय ३ दिसतो. तेवढ्यावर 'बरं झालं' समजून ह्यांनी एक दिवस लग्नाला जाताना मशीन घरी ठेवायचं म्हटलं. चालेल का?


पांझरा (धुळे)

तो ३ मशीन लावलेलं असतानाचा आहे. मशीन काढलं त्याच रात्री श्वास पुन्हा अडू लागतो, वजन अजून तेच आहे ना. पिशवीत बसतं, सोबत न्या. लग्नघरी उशाजवळ प्लग मिळेल अशी जागा आधीच सांगून ठेवा, आणि रात्री जागरण असेल तर परतीची गाडी भाच्यालाच चालवू द्या. पुढच्या भेटीला मशीनमधलं कार्ड घेऊन जायला सांगा, त्यात रोजचे तास आणि गळती दोन्ही नोंदलेलं असतं. आणखी आठ-नऊ किलो उतरले की आपण पुन्हा मोजू.


तापीकाठ (चोपडा)

सांगते. लग्न पारोळ्याला आहे, तिथल्या वहिनींना आत्ताच फोन करून प्लगची खोली धरून ठेवायला सांगितलं.